खेळाबरोबर बदलणारे संगीत : अनुकूली संगीताची संगणकप्रणाली आणि उज्जैनचा धडा

ऐकणाऱ्याच्या कृतीनुसार, स्थानानुसार किंवा वेळेनुसार जे संगीत त्या क्षणी आपले रूप बदलते, त्याला अनुकूली संगीत म्हणतात. व्हिडिओ गेम हे त्याचे मुख्य क्षेत्र. संग्रहालयांतील संवादी दालने, ध्वनिप्रकाशाचे खेळ, आभासी वास्तवातील दर्शने आणि मोठ्या सार्वजनिक परिसरांतील ध्वनियोजना यांतही आता त्याचा वापर होतो. असे संगीत रचण्यासाठी आणि खेळ चालू असताना ते योग्य रीतीने वाजते ठेवण्यासाठी स्वतंत्र संगणकप्रणाली विकसित झाल्या आहेत. त्या कशा काम करतात, त्यांची घडण कोणत्या संगीतविचारातून झाली आणि आपल्या रागतालाच्या संगीताला त्या कितपत मानवतात, याचा परिचय या लेखात करून द्यायचा आहे. उदाहरणासाठी नगर निवडले आहे ते उज्जैन. काळाची मोजणी, ऋतूंचे गाणे आणि लोकसंगीत या तिन्हींची परंपरा या नगरात आणि त्याच्या परिसरात एकत्र नांदते.

चित्रपट आणि खेळ यांतील भेद

चित्रपटाचे पार्श्वसंगीत ठरलेल्या लांबीचे असते. नायक दार उघडतो तो क्षण कितव्या सेकंदाला येणार, हे संगीतकाराला आधीच ठाऊक असते. खेळात ते ठाऊक नसते. एक खेळाडू दाराशी दहा सेकंदांत पोहोचतो, तर दुसरा वाटेत रेंगाळतो आणि तिसरा दाराकडे फिरकतच नाही. तिघांनाही संगीत आपल्यासाठीच रचल्यासारखे वाटले पाहिजे. त्यामुळे खेळाच्या संगीतकाराला एक सलग रचना लिहून भागत नाही. अनेक तुकडे, अनेक थर आणि ते कधी, कसे जोडायचे याचे नियम त्याला लिहावे लागतात. अनुकूली संगीताची प्रणाली हे नियम नोंदवण्याचे आणि पाळण्याचे काम करते.

ही कल्पना आपल्याकडे अपरिचित नाही. दशावतारातला पखवाजवादक नटाच्या पावलाकडे डोळे लावून बसलेला असतो. राक्षस रंगमंचावर किती वेळ घुमेल ते त्याला कोणी सांगून ठेवलेले नसते. तरी प्रवेश संपतो त्याच ठेक्यावर वादनही थांबते. माळव्यातील ‘माच’ या लोकनाट्यात ढोलकवादकाची भूमिका अशीच असते. मंच या शब्दावरून नाव पडलेला हा नाट्यप्रकार उज्जैनच्या गल्लीबोळांत वाढला. जिवंत वादक डोळ्यांनी पाहून आणि अनुभवाने जोखून जे करतो, तेच यंत्राकडून करवून घ्यायचे तर त्याला प्रत्येक गोष्ट आकड्यांत आणि नियमांत सांगावी लागते.

चार स्वरांपासून स्वतंत्र प्रणालींपर्यंत

१९७८ साली जपानच्या टायटो कंपनीचा ‘स्पेस इनव्हेडर्स’ हा खेळ आला. त्यात उतरत्या क्रमाने वाजणारे खर्जातले चारच स्वर होते. शत्रू जसजसे जवळ येत, तसतशी त्या चार स्वरांची गती वाढे आणि खेळणाऱ्याचा जीव खालीवर होई. अनुकूली संगीताच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते.

पुढचा महत्त्वाचा टप्पा १९९१ चा. लुकासआर्ट्स या अमेरिकी संस्थेत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल या संगीतकारांनी ‘आयम्यूज’ नावाची प्रणाली तयार केली आणि ‘मंकी आयलंड २’ या खेळात ती प्रथम वापरली. खेळाडू एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेला की तीच धून नव्या वाद्यावर, नव्या वळणाने सुरू होई. मात्र कुठेही सांधा उघडा पडत नसे. संगीताला वळण घेण्यायोग्य जागा आधी आखून ठेवायच्या आणि खेळाने मागणी केली की पुढच्या आखलेल्या जागेपर्यंत थांबून मगच वळायचे, हे तत्त्व तिथे स्पष्टपणे मांडले गेले. आजच्या प्रणालीही त्याच तत्त्वावर उभ्या आहेत.

त्यानंतर सीडीचा काळ आला. खऱ्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण खेळात घालता येऊ लागले. नाद सुधारला, पण लवचीकपणा गेला, कारण मुद्रित गाणे हे गोठलेले गाणे असते. ही कोंडी फोडण्यासाठी मुद्रित ध्वनीच्याच तुकड्यांना आणि थरांना नियमांनी बांधणारी साधने पुढे आली. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या फायरलाइट टेक्नॉलॉजीज या कंपनीचे ‘एफमॉड’ १९९५ साली ध्वनिफिती वाजवणारे लहानसे साधन म्हणून सुरू झाले आणि पुढे पूर्ण रचनाप्रणाली बनले. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या ऑडिओकायनेटिक कंपनीची ‘वाइज’ ही प्रणाली २००६ मध्ये आली. २०१९ साली ही कंपनी सोनीने विकत घेतली. आज जगातील मोठ्या खेळांच्या ध्वनियोजनेत ही दोन नावे सर्वाधिक आढळतात. जपानमध्ये सीआरआय मिडलवेअरचे ‘एडीएक्स’ प्रचलित आहे. मुक्तस्रोत ‘गोदो’ या गेम इंजिनात २०२४ च्या ४.३ आवृत्तीपासून थर एकत्र वाजवण्याची आणि तुकडे नियमाने जोडण्याची सोय मुळातच अंतर्भूत झाली आहे. त्यासाठी वेगळी प्रणाली घ्यावी लागत नाही.

प्रणाली काम कशी करते

खेळ चालवणारे गेम इंजिन आणि संगीतकाराने मुद्रित केलेला ध्वनी यांच्यामध्ये ही प्रणाली बसते. म्हणून तिला मिडलवेअर म्हणतात. तिचा मोठा फायदा म्हणजे संगीतकाराला प्रोग्रॅमरच्या दारात वारंवार उभे राहावे लागत नाही. प्रोग्रॅमर फक्त कळवतो : ‘लढाई सुरू झाली’, ‘खेळाडू नदीपासून वीस मीटरवर आहे’, ‘सूर्य मावळला’. या निरोपांचे संगीतात काय करायचे, ते संगीतकार ठरवतो.

निरोप दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार घटनेचा, म्हणजे इव्हेंटचा : एखादी गोष्ट घडली आणि संपली. दुसरा पॅरामीटरचा, म्हणजे सतत बदलणाऱ्या आकड्याचा : अंतर, वेग, दिवसाची वेळ, उरलेली शक्ती. या दोहोंवर संगीत हलवण्याच्या मुख्य पद्धती दोन.

पहिली पद्धत थरांची. एकाच लांबीचे, एकाच लयीचे अनेक थर एकाच वेळी वाजत असतात. त्यांपैकी कोणते ऐकू यावेत आणि किती मोठ्याने, एवढेच बदलते. पाच थर असतील आणि प्रत्येक चालू किंवा बंद करता येत असेल, तर ३२ निरनिराळ्या जुळण्या होतात. संगीत न तुटता दाट किंवा विरळ होते, हा या पद्धतीचा गुण. सगळ्या थरांखालची चौकट एकच राहते, ही तिची मर्यादा.

दुसरी पद्धत तुकड्यांची. शांत चालीचा तुकडा, संशयाचा तुकडा, लढाईचा तुकडा असे वेगवेगळे खंड रचायचे आणि एकातून दुसऱ्यात जाण्याच्या जागा आखायच्या. थेट उडी खटकत असेल तर दोहोंमध्ये पुलासारखा छोटा जोडतुकडा घालायचा. अचानक घडलेल्या गोष्टीसाठी, उदाहरणार्थ खजिना सापडला तर, चालू संगीतावरच वाजणारा लहानसा स्वरसमूह असतो. त्याला स्टिंगर म्हणतात.

व्यवहारात दोन्ही पद्धती मिसळतात. २०१० च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन’ या गाजलेल्या खेळाचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्यातील विस्तीर्ण प्रदेशात वाजणारे संगीत एकाच स्वरपट्टीत, ए मायनरमध्ये, आणि मिनिटाला १३० ठोक्यांच्या एकाच लयीत बांधले होते. त्यामुळे कोणताही थर कोणत्याही थरावर बसू शकला.

याखेरीज तिसरा मार्ग उत्पत्तीचा : तुकडेही आधी न रचता, नियमांवरून स्वर जागच्या जागी निर्माण करायचे. १८ व्या शतकाच्या अखेरीस मोझार्टच्या नावावर एक फाशांचा खेळ छापला गेला. दोन फासे टाकायचे, पडलेल्या दानानुसार १७६ छापील मात्राखंडांतून निवड करायची आणि १६ खंडांचे नृत्यसंगीत तयार करायचे. आजच्या काळात २००८ च्या ‘स्पोर’ या खेळात ब्रायन इनो यांच्या सहभागाने असे उत्पत्तिशील संगीत वापरले गेले. मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात तयार केलेली ‘प्युअर डेटा’ ही मुक्त प्रणाली अशा प्रयोगांचा पाया ठरली. आज बोलबाला असलेली कृत्रिम बुद्धिमत्ता हा याहून वेगळा विषय आहे. अनुकूली संगीतात नियम माणूस लिहितो, आणि कोणता स्वर का आला ते त्याला सांगता येते.

व्यवहारातील बारकावे

या कामात नवख्याला अडवणाऱ्या गोष्टी साध्या असतात. पहिली म्हणजे स्मृती. सीडीच्या दर्जाचा एक मिनिटाचा दुपदरी ध्वनी सुमारे १० मेगाबाइट जागा घेतो. दोन-दोन मिनिटांचे सहा थर म्हटले की १२० मेगाबाइटच्या वर जागा जाते. मोबाइलवरच्या खेळाला हे परवडत नाही; म्हणून ध्वनी आकुंचित करावा लागतो आणि कोणते थर खरोखर लागतात याचा कठोरपणे विचार करावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उंबरठा. शत्रू पन्नास पावलांवर आला की लढाईचे संगीत, असा एकच नियम केला आणि खेळाडू नेमका पन्नास पावलांच्या आसपास घुटमळत राहिला, तर संगीत दर क्षणी वेड्यासारखे बदलत राहते. म्हणून चढण्याचा आणि उतरण्याचा उंबरठा वेगळा ठेवतात : चाळीस पावलांवर संगीत चढवायचे आणि साठ पावलांपलीकडे गेल्यावरच उतरवायचे.

तिसरी गोष्ट म्हणजे शेपूट. तबल्याचा डग्गा, तंबोऱ्याची तार, देवळातली घंटा यांचा नाद आघातानंतरही रेंगाळतो. तुकडा मात्रेवर नेमका कापला तर तो नाद कात्रीने छाटल्यासारखा ऐकू येतो. म्हणून प्रत्येक तुकड्यामागे त्याची विरत जाणारी शेपूट वेगळी राखतात आणि पुढचा तुकडा तिच्यावर चढवतात.

शेवटची गोष्ट पुनरावृत्ती. दोन मिनिटांचा तुकडा तासाभरात तीस वेळा ऐकू येतो. पहिल्यांदा आवडलेली हरकत तिसाव्या वेळी नकोशी होते. अनुभवी रचनाकार म्हणूनच ठसठशीत धून जपून वापरतो आणि अधूनमधून निखळ शांतता ठेवतो.

उज्जैनचे उदाहरण

आता हीच तत्त्वे एका नगरावर ठेवून पाहू. उज्जैनशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. राणोजी शिंदे यांनी आपले ठाणे तिथे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर (शेणवी) यांनी १८ व्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवीपर्यंत शिंदेशाहीचा कारभार येथूनच चालत असे. त्याही आधीपासून उज्जैन हे भारतीय ज्योतिषाचे शून्य रेखांशाचे नगर होते; सवाई जयसिंहांची वेधशाळा तिथे आजही उभी आहे.

कालिदासाच्या ‘मेघदूता’त यक्ष मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीला जायला सांगतो. महाकालाच्या मंदिरात अवेळी पोहोचलास तरी सूर्यास्तापर्यंत थांब, सायंपूजेच्या वेळी तुझे गर्जन नगाऱ्याचे काम करील, असा त्याचा सल्ला आहे. अनुकूली संगीताचा सगळा विचार या एका सल्ल्यात सापडतो. ध्वनी हाताशी आहे, पण तो लगेच वाजवायचा नाही. ठरलेल्या क्षणाची वाट पाहायची आणि त्या क्षणी चालू असलेल्या संगीतात आपली जागा घ्यायची. आयम्यूजपासून वाइजपर्यंतच्या प्रणाली ‘पुढच्या खुणेपर्यंत थांब’ अशी जी आज्ञा पाळतात, ती हीच.

आता या नगरावर बेतलेल्या एका कल्पित खेळाचा विचार करू. खेळाडू क्षिप्रेच्या रामघाटावरून निघून महाकालाकडे चालला आहे. पॅरामीटर तीन घेऊ : दिवसाची वेळ, नदीपासूनचे अंतर आणि भोवतीची गर्दी. वेळेसाठी उज्जैनमध्येच एक मापन तयार आहे. वेधशाळेच्या परिसरात फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकार्पण झालेले विक्रमादित्य वैदिक घड्याळ एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतच्या काळाचे ३० मुहूर्त करते. खेळातली वेळ ० ते ३० अशी धरली की रागांच्या प्रहरांशी तिची सांगड घालणे सोपे जाते.

सर्वांत खालचा थर तंबोऱ्याचा. तो कधीच थांबत नाही. त्यावर माळव्यातील निर्गुणी भजनांची करताल आणि मंजिरी. उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे पद्मश्री प्रह्लादसिंह टिपानिया यांच्यासारख्या गायकांनी कबीराची ही परंपरा देशभर पोहोचवली आहे. तिसरा थर माचच्या ढोलकीचा. गर्दी वाढली की तो वर येईल. चौथा सारंगीचा; नदी जवळ असताना तो ऐकू येईल. आरतीची वेळ झाली की ही घटना मानायची आणि चालू आवर्तन पूर्ण होताच नगारा व घंटानाद यांचा तुकडा सुरू करायचा. इतकी योजना एखाद्या विद्यार्थ्याला साध्या संगणकावर, विनाशुल्क उपलब्ध प्रणालीत, काही आठवड्यांत मांडता येईल.

राग आणि ताल यांची कसोटी

खरी अडचण यानंतर सुरू होते. या प्रणाली ज्या संगीताला डोळ्यांसमोर ठेवून घडल्या, त्यात मात्राखंड छोटा असतो. मिनिटाला १३० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचा खंड दोन सेकंदांच्या आतच संपतो. तेवढी वाट पाहिली तरी खेळाडूला विलंब जाणवत नाही. आपल्याकडे वळणाची नैसर्गिक जागा म्हणजे सम. मध्य लयीत, मिनिटाला ६० मात्रा धरल्या, तर त्रितालाचे आवर्तन १६ सेकंदांचे होते. विलंबित एकतालात मिनिटाला १५ मात्रा धरल्या, तर १२ मात्रांना ४८ सेकंद लागतात. शत्रू समोर उभा राहिला आणि संगीत मात्र पाऊण मिनिट समेची वाट पाहत बसले, असे चालणार नाही.

यावर उत्तर आपल्याच परंपरेत आहे. त्रितालाचे चार-चार मात्रांचे चार विभाग आहेत. त्या प्रत्येकाच्या आरंभी वळणाची खूण करता येते. त्याहून मार्मिक साधन म्हणजे तिहाई. एकच बोलसमूह तीनदा वाजून तिसऱ्या वेळी समेवर पोहोचतो, आणि हा तयार जोडतुकडाच आहे. त्रितालाच्या कोणत्या मात्रेपासून कोणती तिहाई धरली म्हणजे सम गाठता येते, हे तबलजी हिशेबाने जाणतो. तो हिशेब प्रणालीत भरला तर आवर्तनात कुठेही असताना समेवर येण्याचा देखणा मार्ग खुला होतो.

षड्ज स्थिर असणे ही आपली दुसरी जमेची बाजू. पाश्चात्त्य रचनेत एका स्वरपट्टीतून दुसरीत जाताना जोडतुकडा लागतो. आपल्याकडे तंबोरा तोच राहतो आणि त्यावर मारवा मावळून यमन उजळू शकतो.

धोकाही इथेच आहे. राग म्हणजे स्वरांची यादी, असे समजून प्रणालीला पाच स्वर दिले आणि त्यांतून निवड करायला सांगितले, तर काय होईल? भूप आणि देशकार दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच स्वर आहेत. भूप रात्रीचा, गांधारावर ठाण मांडणारा; देशकार सकाळचा, धैवतावर झळकणारा. स्वरांची यादी एक, पण चाल, न्यास आणि बढत वेगळी. मारवा, पूरिया आणि सोहनी यांच्यातही असाच भेद आहे. स्वरांची नुसती अदलाबदल करणाऱ्या यंत्राला हा भेद कळत नाही. म्हणून आपल्या संगीतासाठी तुकड्याचे एकक सुटा स्वर असून चालत नाही. रागवाचक वाक्यांश हेच एकक धरावे लागते. तो वाक्यांश न्यासावर संपतो आणि तिथेच खुणेची जागा येते. गती बदलण्यासाठी ध्वनी ताणला किंवा स्वर वरखाली सरकवला तर मींड आणि आंदोलन बिघडतात. तेव्हा निरनिराळ्या लयींत वेगळे मुद्रण करणे हाच प्रामाणिक मार्ग.

या संदर्भात कुमार गंधर्व यांची आठवण अपरिहार्य आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा हा गायक १९४८ साली क्षयाच्या आजारात देवासला आला. उज्जैनपासून हे गाव जेमतेम ३५-४० किलोमीटरवर. सक्तीच्या विश्रांतीच्या वर्षांत त्यांनी भोवतीच्या माळवी लोकधुना ऐकल्या, त्यांतील बीजे ओळखून नवे राग बांधले आणि पुढे ‘गीतवर्षा’सारखे ऋतूंनुसार गुंफलेले कार्यक्रम केले. लोकधुनेच्या छोट्या वळणात रागाचे बीज असते, हे त्यांनी दाखवून दिले. अनुकूली संगीताच्या रचनाकाराला नेमके असेच बीज हवे असते : लहान, स्वयंपूर्ण आणि परिस्थितीनुसार विस्तारणारे.

भारतीय खेळांची स्थिती

भारतीय वातावरणाचे जे खेळ जगभर पोहोचले, त्यांत पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा २०२० मध्ये आलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ महत्त्वाचा. दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडणाऱ्या या खेळाचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने केले. भारतीय वाद्यांच्या नादाचा त्याने केलेला वापर वाखाणला गेला. यात त्याचे कौतुक आहेच; पण आपल्याकडील संगीत महाविद्यालयांनी स्वतःला विचारण्याजोगा एक प्रश्नही त्यात दडला आहे. गायन-वादनाची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला थरांत रचना करणे, वळणाच्या खुणा करणे आणि प्रणाली हाताळणे आपण शिकवतो का? साधनांची किंमत हे आता कारण उरलेले नाही. गोदो आणि प्युअर डेटा पूर्णतः मुक्त आहेत. एफमॉड आणि वाइज यांचे छोट्या निर्मात्यांसाठीचे परवाने ठरावीक आर्थिक मर्यादेपर्यंत विनाशुल्क मिळतात. मर्यादा वेळोवेळी बदलतात. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी परवान्याच्या अटी वाचणे इष्ट.

मोबदला आणि मालकी

अनुकूली संगीताने कलावंतांच्या हक्काचा एक नवा प्रश्न पुढे आणला आहे. चित्रपटासाठी सारंगीवादक एक गत वाजवतो; ती कुठे वापरली ते पडद्यावर दिसते. खेळासाठी तो चाळीस वाक्यांश वाजवतो आणि प्रणाली त्यांतून अगणित जुळण्या करते. पुढच्या खेळात तेच वाक्यांश पुन्हा वापरले, तर त्याचे काय? २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क बळकट केला आणि कलावंतांच्या सादरीकरणाच्या हक्कांनाही अधिक स्पष्ट रूप दिले. तरी व्यवहारात सर्व काही करारावर ठरते. माळव्यातील भजनगायक असो वा आपल्याकडील घुमटवादक, एकरकमी मानधनाच्या पावतीवर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी असाव्यात : मुद्रण कोणत्या एका कामासाठी आहे, त्याचे तुकडे अन्यत्र वापरता येतील का, आणि श्रेयनामावलीत नाव येणार का. लोकसंगीत कोणा एकाचे नसते हे खरे. परंतु विशिष्ट गळ्यातून, विशिष्ट हातातून निघालेला नाद त्या माणसाचाच असतो.

खेळाबाहेरचा उपयोग

उज्जैनमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोकाच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले आणि २०२८ मध्ये सिंहस्थ भरणार आहे. कोट्यवधी माणसे जिथे येतात, तिथे ध्वनियोजना हा सुरक्षिततेचाही विषय होतो. खेळांच्या प्रणालीत ‘डकिंग’ नावाची सोय असते : निवेदकाचा आवाज सुरू झाला की संगीत आपोआप खाली जाते आणि तो संपला की सावकाश वर येते. हीच सोय सार्वजनिक परिसरात बसवली तर हरवलेल्या मुलाची किंवा बदललेल्या मार्गाची सूचना भजनाच्या आवाजात बुडणार नाही. गर्दीचा आकडा हाच पॅरामीटर धरून, दाटी वाढताच संगीताची लय आणि पातळी उतरवता येते. पुरेशी शांतता ठेवणे हाही अनुकूलतेचाच भाग आहे. मंदिराच्या परिसरात मूळच्या घंटेला आणि मंत्रपठणाला जागा मिळाली पाहिजे. यंत्राच्या संगीताने त्यांच्यावर मात करता कामा नये.

गोव्याचे भांडवल

या विद्येला जे गुण लागतात ते गोव्याजवळ पूर्वीपासून आहेत. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांची रागदारी ज्या भूमीची, त्याच भूमीने अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे संगीत संयोजक मुंबईच्या चित्रसृष्टीला दिले. हिंदुस्थानी धून ऐकायची, तिची स्वरलिपी करायची आणि प्रत्येक वाद्याचा भाग स्वतंत्र तरी एकमेकांत बसणारा असा लिहायचा, हे त्यांचे काम होते. आजच्या भाषेत त्याला थरांची रचना म्हणता येईल. देवळातला चौघडा, घुमट आरती, जागोर आणि चर्चमधील गायनवृंद हे सारे नाद आपल्याकडे एकाच तालुक्यात ऐकू येतात. त्यांचे नेटके मुद्रण, वाक्यांशवार नोंद आणि कलावंतांशी न्याय्य करार एवढे काम झाले, तर गोव्यातला तरुण रचनाकार परक्यांच्या ध्वनिसंग्रहावर अवलंबून राहणार नाही.

अनुकूली संगीताची प्रणाली स्वतः संगीत जाणत नाही. दिलेला नियम मात्र ती अचूक पाळते. नियम देणाऱ्याला सम कुठे आहे ते ठाऊक असेल, तर यंत्रही समेवर येते. तो नियम राग ओळखणाऱ्याने लिहावा की स्वरांची यादी पाहणाऱ्याने, हे ठरवण्याची वेळ आता संगीत शिकवणाऱ्या संस्थांवर आली आहे.